रुद्रम्मा अज्जी, एक डिप्लोमा आणि मुरूमचं स्थळ

धाराशिव,
रविवार दुपार

तीर्थरूप महांतप्पामामांना,

तुमच्या महानंदाचा शरणु शरणार्थी. मामींनाही सांगा, आणि ‘बरी आठवण आली म्हणायची पोरीला’ असा टोमणा त्यांनी मारला तर माझ्या वतीनं तुम्हीच तो मुकाट्यानं ऐकून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नसणार हे माहीत असूनही विचारते. मामींची शुगर? म्हैस व्याली का? (मामी फोनवर आधी म्हशीची तब्येत सांगतात आणि मग तुमची, म्हणून मी मुद्दाम क्रम बदलला.) इकडं आम्ही सगळे ठीक आहोत. पाऊस वेळेवर आला, नळाचं पाणी अजून वेळेवर आलेलं नाही.

आता, फोन हातात असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तुम्हाला वाटेल. मामा, राग मानू नका, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. तुमच्याशी बोलायचं म्हणजे तुमच्या ओट्यावर त्या वेळी जे कोण बसलेलं असेल त्या सगळ्यांशी बोलायचं. मागच्या खेपेला तुम्ही मला विचारलंत, ‘सास्तूरच्या कल्याणप्पाची शिवप्रिया तुमच्या नर्सिंग कॉलेजात आहे ना, मुलगी कशी आहे?’ मी हौसेनं सांगत सुटले की मुलगी सोन्यासारखी आहे, वर्गात पहिली आहे, आणि शेवटचं वर्ष झालं की मनोरुग्णांच्या नर्सिंगचा डिप्लोमा करणार आहे. पलीकडून कुणीतरी ‘शिव शिव!’ म्हणाल्याचं मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, मामींचं दूध उतू गेलं. ते सिद्रामप्पा होते, हे मला नंतर कळलं. त्यांच्या नातवाचं, अमरनाथचं, स्थळ तुमच्याच मध्यस्थीनं शिवप्रियेला सांगून आलं होतं, हेही नंतर कळलं. आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी ‘येड्यांची नर्स आमच्या घरात नको’ म्हणून निरोप धाडला, हे तर मला खुद्द कल्याणप्पांनी कॉलेजात येऊन सांगितलं. पण तुम्हाला यातलं निम्मंच ठाऊक आहे. उरलेलं सांगायला बसले आहे, तेव्हा चहा मागवा.

सुरुवात आमच्या प्राचार्यांपासून करावी लागते. महारुद्र सर उन्हाळ्यात कुठल्याशा कार्यशाळेला गेले आणि येताना ‘अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायजिंग’ हा शब्द घेऊन आले. (बाकीचे लोक उन्हाळ्यात आंबे आणतात.) म्हणजे काय, तर प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक असावा, कुठल्या वॉर्डात जास्त सराव करावा, पुढं काय शिकावं, नोकरी आधी की शिक्षण आधी, हे त्यानं मुलांशी बसून ठरवावं. कल्पना चांगली आहे, हे मी आजही म्हणते. आमची मुलं चार वर्षं शिकतात आणि शेवटी शेजारचा मुलगा जे करतो ते करतात. माझा विषय मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा, म्हणून ‘मॅडम, तुम्हाला माणसांना बोलतं करायची सवय आहे’ असं म्हणत सरांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं. त्यात एका मोठ्या इस्पितळानं मनोरुग्ण नर्सिंगच्या एक वर्षाच्या डिप्लोमासाठी आमच्या कॉलेजकडून एक नाव मागितलेलं. सरांना ते नाव हवं होतं, आणि चांगलं हवं होतं.

मला स्वतंत्र खोली मिळाली. खोली म्हणजे सामानाची कोठी. दारावर ‘शैक्षणिक मार्गदर्शन कक्ष’ अशी पाटी लावली, आतलं सामान तसंच ठेवलं. मुलांना पट्ट्या बांधायला शिकवतो ती माणसाएवढी डमी माझ्या खुर्चीत बसवलेली होती, कारण तिला आडवं करायला जागा नव्हती. पहिल्या दिवशी ढोकीचा योगीराज आला. (याला नीट लक्षात ठेवा. वडील उसाचा ट्रॅक्टर चालवतात, पोरगा उंच, लाजाळू, चष्मा नेहमी वसतिगृहात विसरणारा.) मी डब्यांच्या मागं फायली शोधत होते. हा दारात उभा राहून डमीला म्हणाला, ‘मॅडम, येऊ का?’ डमी गप्प. हा पुन्हा म्हणाला. मग अगदी खालच्या आवाजात, ‘मॅडम, रागावलात का?’ मी मागून ‘नाही’ म्हणाले, तेव्हा तो कोठीच्या बाहेर जाऊन उभा राहिला आणि त्या दिवशी आत आलाच नाही.

मानसिक आरोग्य हा विषय पुढं घ्यायला तयार असलेल्या मुलांची कारणं ऐकून मात्र मलाच मार्गदर्शनाची गरज वाटू लागली. एकीला रक्त बघवत नाही. एकाला कुणीतरी सांगितलं होतं की तिथं सलाईन लावावं लागत नाही. एक जण प्रामाणिक, तो म्हणाला, मॅडम, त्याचं पुस्तक पातळ आहे. योगीराजला तर हा विषय नकोच होता. त्याला आयसीयू हवं होतं, कारण त्याच्या गावचा एक मुलगा आयसीयूमुळं दुबईला गेला होता. अशा गर्दीत शिवप्रिया आली, समोर बसली आणि शांतपणे म्हणाली, ‘मला मनोरुग्णांचंच शिकायचंय. आमच्या अज्जीसाठी.’

तिची अज्जी रुद्रम्मा, कल्याणप्पांची आई, त्र्याण्णवच्या भूकंपापासून घरात झोपत नाही. त्या पहाटे सास्तूरचं घर बसलं तेव्हा तिची सासू आणि धाकटी मुलगी आत राहिल्या. पुढं गाव नव्यानं वसलं, सरळ रस्ते झाले, यांना पक्कं घर मिळालं. अज्जी त्या घरात स्वयंपाक करते, पूजा करते, भांडते, पण झोपायला अंगणात बाज टाकते. पावसात बाज पडवीच्या पत्र्याखाली येते, उंबऱ्याच्या आत येत नाही. शिवप्रिया लहानपणापासून तिच्या शेजारी झोपलेली. मामा, मला याहून चांगलं कारण कुठं मिळणार होतं? मी लगेच रंगीत पेन काढून तिचा पुढचा सगळा बेत आखला. आधी डिप्लोमा, मग नोकरी, मग एम.एस्सी., आणि (हे मी मनातच ठेवलं) मी निवृत्त झाले की माझ्या खुर्चीत ती. त्या कागदावर मी इतकी खूश होते की समोरची मुलगी माझ्या प्रत्येक प्रश्नाला नुसती ‘हो मॅडम’ म्हणतेय, हे माझ्या ध्यानात आलं नाही. वर्गात मी शिकवते की नुसतं ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाकडं जास्त लक्ष द्यावं. वर्गात शिकवते, असं म्हणाले मी.

त्यानंतर तुमचा फोन, सिद्रामप्पांचा निरोप आणि कल्याणप्पांचं येणं. ते आरडाओरडा करणारे नाहीत. माझ्यासमोर टोपी मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमी शिकलेल्या हाव. पण मला गावात सांगावं लागतंय, पोरगी काय करते म्हणून. दवाखान्यात हाय म्हनलं की लोक मान हलवतेत. येड्याच्या दवाखान्यात म्हनलं की माझ्याच तोंडाकडं बघतेत.’ मी म्हणाले, मी घरी येऊन सगळ्यांना समजावते. त्यांनी ‘या की’ म्हटलं. आपल्याकडं ‘या की’ला ‘नाही आलात तरी चालेल’ असाही अर्थ असू शकतो, हे मी विसरले.

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी मी निघाले. योगीराजची बहीण लोहाऱ्याला दिलेली, तो मोटारसायकलवर तिकडंच निघाला होता. म्हणाला, सास्तूरपर्यंत सोडतो. माझ्या वयाच्या बाईनं, एका हातात समजावण्याच्या तक्त्यांची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात पदर घेऊन, धाराशिव ते सास्तूर मोटारसायकलवर जाऊ नये. हा माझा शैक्षणिक सल्ला आहे आणि तो मी कुणालाही फुकट देईन. वाटेत एका बैलगाडीला वाट देताना तक्त्यांची गुंडाळी माझ्या हातातून सुटून गाडीत पडली आणि गाडीवाल्यानं ती गव्हाचं वाण सांगायला आलेल्या बाईची समजून आम्हाला दोन प्रश्न विचारले. योगीराजनं त्यांची बरोबर उत्तरं दिली.

कल्याणप्पांच्या दारात मी उतरले, माझ्यामागं उंच, लाजाळू, इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा उतरला, आणि घरातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी एकच विचार आला. स्थळ मोडलं म्हणून मॅडम नुकसानभरपाई घेऊन आल्या! लगेच सतरंजी आली. शिवप्रियेची काकू पाण्याचा तांब्या देता देता विचारू लागली, पाहुणे कुठले, ऊस किती, भाऊ किती. हा बिचारा वर्गात उत्तर देत नाही ते सगळं इथं धडाधड सांगत सुटला. त्याला वाटलं, इकडची रीत असेल. शिवप्रिया आतल्या दारातून हातानं नको नको करत होती. शेवटी कल्याणप्पांनी आडनाव विचारलं. ते आपल्यातलं नाही हे कळल्यावर सतरंजीवरचे सगळे जरा सैल बसले, आणि कुणालाच वाईट वाटलं नाही, योगीराजला तर मुळीच नाही, कारण काय टळलं हे त्याला कळलंच नव्हतं. तेवढ्यात संधी साधून तो अंगणातल्या लिंबाखाली रुद्रम्मा अज्जीच्या बाजेजवळ जाऊन बसला.

मी तक्ते उघडले. मन आजारी पडतं म्हणजे काय, उपचारानं किती माणसं पुन्हा कामाला लागतात, या नर्सना किती मान असतो, सगळं सांगितलं. बोलण्याच्या भरात मी मोठ्या आवाजात म्हणाले की रुद्रम्मा अज्जींसारख्या माणसांनाच तर या शिक्षणाची गरज आहे. कल्याणप्पा ऐकत होते, मान हलवत होते, थोडे वळायलाही लागले होते. आणि तेवढ्यात शेजारून कुणीतरी ओरडलं, ‘लाईट आली!’ मामा, शेतकऱ्याच्या घरी दिवसा लाईट आली की तिथं माणूस थांबतो का? कल्याणप्पा चप्पल शोधत मोटार चालू करायला पळाले, काकू त्यांच्या मागं पिठाच्या गिरणीकडं पळाली, आणि माझ्यासमोर उरली सतरंजी.

‘मॅडम,’ अंगणातून हाक आली. ‘हिकडं या. शिवप्रिया, तू बी ये.’

रुद्रम्मा अज्जी बाजेवर बसून मिश्री लावत होती. तिनं नातीकडं बघून सरळ विचारलं, ‘तू हे माझ्यापायी शिकायलीस व्हय गं?’

शिवप्रिया माझ्याकडं बघू लागली.

‘मॅडम, तुमी सांगा. मला काय झालंय?’

मामा, या प्रश्नाचं उत्तर मी वर्गात अर्धा तास देते. त्या बाजेजवळ मी नुसती तक्त्यांची गुंडाळी करत राहिले. आणि तेव्हा या लाजाळू योगीराजनं, चष्मा न आणलेल्या डोळ्यांनी तिच्याकडं बघत, इतका साधा प्रश्न विचारला की मला माझीच लाज वाटली. तो म्हणाला, ‘अज्जी, तुम्ही बाहेरच का झोपता?’

अज्जीनं मिश्रीची डबी बाजेवर ठेवली. मग म्हणाली, ‘हे कुणी इचारलं न्हाय मला. सगळे आत चल, आत चल म्हनतेत. लेकरा, मला घराची भीती न्हाय वाटत. त्या दिशी म्या दगडाखालून आधी निघाले. माझी लेक आतून हाक मारत होती. लोकांची आरडाओरड, माती, कुठून आवाज यायलाय ते मला कळंना. मग आवाज बंद झाला. तवापासून म्या बाहेर झोपते. कुणी हाक मारली तर मला ऐकू यावं.’

माझ्या ओठांवर शिकवलेली दोन-तीन धीराची वाक्यं आली होती, मी ती गिळली. योगीराज जागचा हलला नाही. मग त्यानं विचारलं, ‘तिचं नाव काय होतं?’

‘गौरा,’ अज्जी म्हणाली, आणि मग गौराबद्दल सांगू लागली. गौरा कशी गूळ चोरायची, कशी कानडीत शिव्या द्यायची, कल्याणप्पाला कशी झोडायची. सांगता सांगता ती हसलीसुद्धा. शिवप्रिया तिच्याकडं डोळे मोठे करून बघत होती. एवढी वर्षं एका बाजेशेजारी झोपून तिनं हे नाव घरात कधी मोठ्यानं ऐकलं नव्हतं.

मग अज्जी नातीकडं वळली. ‘मला बरं करायला तुझं आयुष्य घालू नको. म्या माझं बघते. म्या नसते तर काय शिकली असतीस, ते सांग.’

मामा, मी मार्गदर्शक म्हणून नेमलेली बाई. हा प्रश्न मी रंगीत पेन हातात घेऊन एकदाही विचारला नव्हता. मी शिवप्रियेच्या मदतीला तोंड उघडलं. अज्जीनं मिश्रीचं बोट माझ्याकडं रोखून मला बंद केलं. शेवटी शिवप्रिया म्हणाली, ‘बाळंतपणाचं.’ आणि मग तिला थांबवता येईना. ग्रामीण रुग्णालयातल्या सरावात तिनं पहिलं बाळ हातात घेतलं होतं, ते आधी रडलंच नाही, मग कसं रडलं, त्या बाळंतिणीनं तिचा हात कसा धरून ठेवला. चार वर्षांत ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. ती रडत होती आणि तिचा चेहरा मात्र फुलला होता.

‘मंग तेच शीक की,’ अज्जी म्हणाली. ‘ह्या गावानं जानारी माणसं लई बघितली. येनारी बघायला कुणी तरी असू दे.’

येताना मी पुन्हा योगीराजच्या मागं बसले. लोहाऱ्यात बहिणीच्या दारात मला चहा पाजून तो म्हणाला, ‘मॅडम, त्या डिप्लोमाला माझं नाव घालता का?’ मी म्हणाले, आणि दुबई? तो म्हणाला, ‘अज्जी बोलत होत्या तेव्हा मला उठावंसं वाटलं नाही. एरवी मला कुठंही उठावंसंच वाटतं.’ आधीची मी असते तर तिथंच पेन काढलं असतं. या वेळी मी तसं केलं नाही. मी म्हणाले, गोष्ट ऐकणं वेगळं आणि रोज त्याच वॉर्डात जाणं वेगळं. तुमच्या वर्गाचा पुण्याच्या मनोरुग्णालयातला सराव व्हायचाय, तो कर, आणि मग येऊन तुला वाईट काय वाटलं ते मला सांग.

तो गेला आणि आला. सुरुवातीला फार घाबरला होता, हे त्यानं स्वतःच सांगितलं. एका रुग्णानं त्याचा चष्मा काढून घेतला (याच वेळी बरा आठवणीनं नेला होता!) आणि दिवसभर स्वतः घालून हिंडला, हा दिवसभर भिंती चाचपत त्याच्यामागून फिरला. संध्याकाळी त्या रुग्णानं चष्मा धुवून, पुसून परत दिला आणि म्हणाला, ‘तुम्हाला लांबचं दिसत नाही, डॉक्टरला दाखवा.’ एक जण त्याच्या अंगावर धावून आला होता, तेही त्यानं लपवलं नाही. एक आजी मात्र रोज त्याच्याशी नव्यानं ओळख करून घ्यायची आणि तो रोज नव्यानं सांगायचा. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, मग? तो म्हणाला, ‘नाव घाला.’

मी घातलं. महारुद्र सर नाराज झाले, कारण नावापुढं पहिला नंबर नव्हता. ‘मॅडम, अहवालात मार्गदर्शन यशस्वी लिहायचं की अयशस्वी?’ त्यांनी विचारलं. मी म्हणाले, चालू आहे असं लिहा.

अज्जी अजून बाहेरच झोपते. योगीराज बहिणीकडं गेला की तिच्याजवळ थोडा बसून येतो. ती म्हणते, पोरगा बरा आहे, पण मिश्री आणायला विसरतो. तिला एकदा इथल्या डॉक्टरांशी बोलायला आणावं असं मला वाटतं. तिनं ‘बघू’ म्हटलंय. मी तिला आग्रह केला नाही. नुसतं विचारून ठेवलंय.

बाकी काय लिहू? मामींना जपा, गुडघ्याचे व्यायाम करा, आणि मुरूमला सगळ्यांना माझा नमस्कार.

तुमची लाडकी (मामी काही म्हणोत),
महानंदा

ता. क. : मामींच्या शुगरच्या गोळ्या पुढच्या वेळी इथूनच पाठवते, तिथं जास्तीच्या घेऊ नका.

ता. क. दुसरा : खरं तर पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. सिद्रामप्पा आज ना उद्या तुमच्या ओट्यावर येऊन शिवप्रियेची चौकशी करतील. त्यांना डिप्लोमा नको होता, मुलगी हवीच होती. मी तिला विचारलंय, या वेळी नीट विचारलंय. ती म्हणाली, बघायच्या दिवशीच अमरनाथनं ‘लग्नानंतर नोकरी सोडशील ना’ असं विचारलं होतं, आणि घरात सगळे इतके खूश होते की तिनं ‘हो’ म्हटलं. ते स्थळ तिला नको आहे. तेव्हा मामा, तुम्ही एवढंच करा: तिनं विषय बदललाय ही बातमी सिद्रामप्पांना देऊ नका. खोटं बोलायची गरज नाही. त्यांनी विचारलं तर ‘महानंदाच्या हाताखालची मुलगी आहे’ एवढंच म्हणा आणि खोल उसासा टाका. कल्याणप्पांना हे सगळं शिवप्रिया परीक्षा झाली की स्वतः सांगणार आहे. तिला शब्द जुळवायला तेवढे दिवस मिळू देत.

ता. क. तिसरा : ही युक्ती माझी आहे असं समजून मला रागावू नका, आणि शहाणी म्हणून माझं कौतुकही करू नका. मी निघताना रुद्रम्मा अज्जीनं मला बाजेजवळ वाकायला लावून कानात सांगितलं, ‘मॅडम, ते मुरूमवाले येड्याला भिऊन पळालेत ना? पळू द्या त्यास्नी. सांगा म्हनावं, अज्जी बी थोडी तशीच हाय.’